पहिल्या वर्षानंतरची सुट्टी आणि भूशास्त्रातलं संशोधन : शिरायचं कुठून?

गारगोटी

नमस्कार मंडळी,

मी भूशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा संपली की दोन-अडीच महिने मोकळे आहेत आणि ते मला खऱ्या संशोधनात घालवायचे आहेत. आतापर्यंत खनिजशास्त्राचा एक पेपर झालाय, खडकांची प्रात्यक्षिकं झालीत, पायथॉन जेमतेम येतं. गणित मात्र आवडतं.

अडचण अशी की जिथे बघावं तिथे 'तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी' किंवा 'शेवटच्या वर्षात प्रवेश केलेले' अशीच अट असते. चौदा प्राध्यापकांना मेल केले. तेरा जणांचं उत्तर नाही. चौदाव्यांनी लिहिलं, "दुसऱ्या वर्षानंतर या."

तर विचारायचं असं आहे की पहिल्या-दुसऱ्या वर्षात कोणी खरंच संशोधनात घेतं का? घेतलं तर तिथे नेमकं काय करायला देतात? की एक वर्ष गप्प बसून अभ्यास करावा हेच शहाणपणाचं? मनापासून विचारतेय, स्पष्ट सांगा.

वाटसरू

+१. माझाही हाच प्रश्न आहे. वाचतोय.

अभ्रक

गारगोटी, घेतात. मी सध्या पीएचडी करतोय (अग्निजन्य खडक) आणि गेल्या काही उन्हाळ्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाची तीन मुलं माझ्याबरोबर काम करून गेली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो, कारण त्याबद्दल फार गैरसमज असतात.

पहिले दोन आठवडे बहुतेक वेळ पातळ काप करण्यात जातो. खडकाची चकती करवतीने कापायची, एक बाजू घासून सपाट करायची, ती काचपट्टीवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत घासत ३० मायक्रॉनपर्यंत आणायची, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. शेवटचा टप्पा हाताने असतो. काचेच्या तावदानावर कार्बोरंडमची पूड आणि थोडं पाणी, त्यावर पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायची. दर अर्ध्या मिनिटाला उचलून, धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. तुझं टोपणनाव इथे कामाला येतं बघ. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि सूक्ष्मदर्शकातले दोन ध्रुवक (प्रकाश गाळणाऱ्या काचा) एकमेकांना काटकोनात ठेवून पाहिलं की बरोबर जाडीला क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसतो. पिवळसर दिसला तर काप अजून जाड आहे. आणि पिवळा जाऊन करडा आल्याच्या आनंदात आणखी चार फेऱ्या मारल्या, तर कडेपासून खडक नाहीसा व्हायला लागतो. दोन दिवसांचं काम पाण्याबरोबर वाहून जातं. प्रत्येकाचे पहिले दोन-तीन काप असेच जातात, माझेही गेले.

हे संशोधन आहे का? आहे. कारण पाचव्या कापापर्यंत तो पोरगा किंवा पोरगी विचारायला लागते, "या फेल्डस्पारच्या मधल्या भागात आणि कडेला रंग वेगळा का?" तिथून पुढे खरं बोलणं सुरू होतं. त्या तिघांपैकी एकीने दुसऱ्या उन्हाळ्यात याच स्फटिकांच्या वलयांवर स्वतःचा छोटा प्रकल्प केला.

मी कोणाला परत बोलावतो हे विचारशील तर सांगतो : जिने वहीत लिहून ठेवलंय की कोणता नमुना, कुठल्या दिशेने कापला, किती वेळ घासला. हुशारी नंतर येते, पण त्या दिवशी न लिहिलेली नोंद पुढे मिळत नाही.

तुकतुकी

मी शिक्षणाने वाणिज्यवाली, पण घरात एक भूशास्त्री आहे. तो प्रवासाहून आला की बॅग उचलायला दोन माणसं लागतात. गारगोटी, घरच्यांना आत्ताच सांगून ठेव :)

खडूफळा

शिकवण्यात बरीच वर्षं गेली, तेव्हा मेलबद्दल लिहितो.

चौदा मेल केलेस हे उत्तम. पण मला वाटतं ते चौदाही मेल एकच होते. "आदरणीय सर/मॅडम, मला आपल्या संशोधनात अतिशय रस आहे, कृपया संधी द्यावी." बरोबर? असे मेल मला आठवड्याला कितीतरी येतात. मुलं प्रामाणिक असतात, हे मला माहीत आहे. पण त्या मेलला उत्तर काय द्यायचं तेच कळत नाही, कारण त्यात उत्तर देण्याजोगं काही विचारलेलंच नसतं.

असं कर. एक माणूस निवड. त्याचा एक शोधनिबंध घे. सगळा समजणार नाही आणि समजायची गरजही नाही. प्रस्तावना, आकृत्या आणि निष्कर्ष वाच. एखादी आकृती अशी शोध की जिच्याबद्दल तुला खरा प्रश्न पडलाय. मग पाच-सहा ओळी लिही : मी अमुक, पहिल्या वर्षाला. तुमच्या निबंधातली तिसरी आकृती पाहिली, त्यात वरच्या थरात कणांचा आकार अचानक वाढलेला दिसतो, तो पुरामुळे की मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे? या उन्हाळ्यात माझ्याकडे आठ आठवडे आहेत. नमुने धुणं, चाळणं, मोजणं, आकडे भरणं, जे लागेल ते करेन. पंधरा मिनिटं भेटता येईल का?

मागणी लहान ठेव. 'मला प्रकल्प द्या' ही मोठी मागणी आहे, त्यासाठी मला बसून विचार करावा लागतो. 'पंधरा मिनिटं' याला लगेच हो म्हणता येतं.

आणि सुरुवात स्वतःच्या विभागापासून कर. ज्यांनी तुला वर्गात, प्रात्यक्षिकात पाहिलंय ते तुला घ्यायची शक्यता कितीतरी जास्त. मुलं घरच्या विभागाला वगळून थेट लांबच्या मोठ्या संस्थांना लिहितात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

एक आठवडा उत्तर आलं नाही तर एकदाच, नम्रपणे आठवण कर. न आलेलं उत्तर म्हणजे नकार असं समजू नकोस, अनेकदा मेल खाली गेलेला असतो इतकंच.

गारगोटी

खडूफळा, तुम्ही माझा मेल वाचलाय की काय! जवळजवळ शब्दशः तोच होता. आज रात्री नवीन लिहिते.

अभ्रक, कापाचं वाचून हात शिवशिवायला लागले. आभार.

भूकंपवेडा

कोणी घेईपर्यंत थांबायचं कशाला? गणित आवडतं म्हणालीस, थोडं पायथॉन येतं म्हणालीस. मग एक काम आजपासून सुरू करता येईल.

अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाची म्हणजे यूएसजीएसची जगभरच्या भूकंपांची यादी कोणालाही फुकट उतरवून घेता येते. एक प्रदेश निवड, वीस वर्षांचे भूकंप घे. किती तीव्रतेचे किंवा त्याहून मोठे किती भूकंप झाले ते मोज आणि संख्येचा लॉगरिदम तीव्रतेसमोर मांड. जवळपास सरळ रेषा येते. हाच गुटेनबर्ग-रिश्टर नियम, आणि त्या रेषेच्या उताराला बी-मूल्य म्हणतात. ते साधारण १ च्या आसपास असतं, म्हणजे तीव्रता एकाने उतरली की भूकंपांची संख्या सुमारे दहापट होते.

पण खरी गंमत रेषा जिथे मोडते तिथे आहे. लहान तीव्रतेकडे गेलं की आलेख आडवा पडतो, जणू लहान भूकंप होतच नाहीत. ते होतात, फक्त यंत्रांचं जाळं विरळ असल्यामुळे नोंदले जात नाहीत. कोणत्या तीव्रतेपासून यादी पूर्ण धरायची हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर उतार चुकतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सगळेच आकडे धरून रेषा मारली आणि बी-मूल्य ०.६ आलं. मला वाटलं काहीतरी मोठा शोध लागला. दोन दिवस झोप नाही. मग एका सीनियरने विचारलं, "दोनच्या खालचे भूकंप त्या भागात पकडायला केंद्रं किती आहेत?" आणि सगळं लख्ख दिसलं. तो प्रश्न मी आजही प्रत्येक आकडेवारीला विचारतो.

हे सगळं तीन आठवड्यांत होतं. पायथॉनमध्ये ऑब्सपाय नावाचं फुकट साधन आहे, त्यातून भूकंपाच्या लहरीही उघडून बघता येतात. असं दोन पानांचं काम हातात घेऊन प्राध्यापकांकडे गेलीस की बोलणं वेगळ्याच पातळीवर सुरू होतं.

दगडधोंडा

भूकंपवेडा, तुमचा प्रतिसाद आवडला, पण असहमत. पहिल्या उन्हाळ्यात विद्यार्थ्याला पडद्यासमोर बसवू नका हो. भूशास्त्र डोळ्यांनी आणि पायांनी शिकायचं शास्त्र आहे. ज्याने एकही उघडा पडलेला थर हात लावून पाहिला नाही, त्याला आलेखातल्या ठिपक्यामागे काय आहे ते कसं कळणार? आधी मैदानात जा. कोणाच्याही मागे, कोणाचंही सामान उचलायला जा. नमुन्यांच्या पिशव्या उचल, फीत धर, नोंदी लिही. दिवसभर अनुभवी माणूस खडकाकडे कसा बघतो ते बघ. आधी लांबून बघतो, मग जवळ जातो, मग परत लांब येतो. हे पुस्तकात नसतं.

संगणक पुढे आयुष्यभर आहेच.

नीरजा

दगडधोंडा, फील्डबद्दलचं तुमचं प्रेम समजतं, पण 'पडद्यासमोर बसणं म्हणजे कमी प्रतीचं' असा सूर मला पटत नाही.

समुद्रतळाचे नकाशे काढणारी मेरी थार्प आठवा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत ती टेबलाशी बसून अटलांटिक महासागराच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवत होती. जहाजावर तेव्हा बायकांना जाऊ देत नसत. त्या आकड्यांतून उभ्या केलेल्या छेदांमध्ये मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या माथ्यावर एक दरी तिला दिसली. सहकाऱ्याने, ब्रूस हीझेनने, आधी ते उडवून लावलं. पण भूकंपांच्या जागा नकाशावर मांडल्या तेव्हा त्या नेमक्या त्याच दरीत पडल्या. समुद्रतळ दुभंगतोय हे पटायला त्या कागदांनी फार मोठी मदत केली.

डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये पृथ्वीला अंतर्गाभा आहे हे मांडलं, तेही भूकंपलेखांच्या नोंदी वाचून. पाच हजार किलोमीटर खाली हात लावायला कोणी जाऊ शकत नाही.

शिवाय सगळ्यांना उन्हात दिवसभर चालता येतंच असं नाही. माझा एक गुडघा लहानपणापासून अधू आहे. "फील्ड जमत नसेल तर हा विषय तुझ्यासाठी नाही" हे मला पहिल्या वर्षात तोंडावर सांगितलं गेलं होतं. मी उपग्रहचित्रांकडे वळले. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून सगळ्यांना फुकट आहेत. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह तर दहा मीटरचा तपशील दाखवतो. नदीचं एक वळण पन्नास वर्षांत कसं सरकलं, हे क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत साधनात एका उन्हाळ्यात मोजता येतं. माझा पहिला प्रकल्प तोच होता आणि मी आजही या विषयात आहे.

दगडधोंडा

नीरजा, माझं वाक्य मागे घेतो. ज्यांनी तुम्हाला तसं सांगितलं त्यांनी चूक केली, आणि मी नकळत त्याच वाटेने चाललो होतो. थार्पचं उदाहरण तर मलाच पाठ हवं होतं.

तरी ज्यांना जाणं शक्य आहे त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात थोडं का होईना बाहेर जावं, हा आग्रह ठेवतो. कारण सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एका नकाशांकनाच्या गटात मदतनीस होतो. काम थरांची दिशा आणि उतार मोजायचं, म्हणजे स्ट्राइक आणि डिप. दोन दिवस मन लावून पस्तीस-चाळीस मोजमापं घेतली. तिसऱ्या सकाळी मार्गदर्शकांनी माझी वही उघडली, समोरच्या टेकडीकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं. समोर थर रेघ मारल्यासारखे समांतर दिसत होते आणि माझ्या वहीत त्यांची दिशा वीस-वीस अंशांनी हलत होती.

होकायंत्र वाचताना मी हातोडा काखेत धरत होतो. पोलादी हातोडा! सुई त्याच्याकडे ओढली जात होती. दोन दिवसांचं काम पुसून परत केलं. मार्गदर्शक रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आकडा लिहिला की मान वर करून टेकडीला विचारायचं, पटतंय का."

भूकंपवेडांचा 'केंद्रं किती' आणि माझा 'टेकडीला विचार' हे एकच आहे, हे लिहिताना लक्षात आलं.

भूकंपवेडा

टाळी!

वाटसरू

अवांतर : आता फोनच्या पाठीला लोहचुंबकवालं कव्हर असतं. फोनमधल्या क्लिनोमीटरने (उतारमापकाने) मोजणाऱ्यांनी तेही काढून ठेवावं. गेल्याच महिन्यात आमच्या सहलीत तिघांचे आकडे यामुळे बिघडले.

अनघा_च

आता रीतसर कार्यक्रमांबद्दल. माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी याच गोंधळात होती, तेव्हा बरंच शोधलं होतं. अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी प्रत्येकाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायचंच.

अमेरिकेत एनएसएफची (तिथलं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान) आरईयू, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा अनुभव, ही योजना १९८७ पासून आहे. साधारण दहा आठवडे, विद्यावेतन मिळतं, बहुतेक ठिकाणी राहण्याची सोय असते. पण एनएसएफच्या पैशावर फक्त तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी घेता येतात. ज्यांची मुलं तिथे शिकतायत आणि अटीत बसतात त्यांनी नक्की बघावं. काही आरईयू मुद्दाम पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या आणि लहान महाविद्यालयांतल्या मुलांना प्राधान्य देतात.

केक जिऑलॉजी कन्सॉर्शियम हा तिथल्याच महाविद्यालयांचा गट, तोही १९८७ चा. त्यांनी 'गेटवे' नावाचे प्रकल्प खास पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी काढले. गारगोटी, तुझ्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर मला कुठे सापडलं नाही. सुरुवातीच्या मुलांना घ्यायचं असं कोणी ठरवलं तर ते जमतं, हे त्यातून दिसतं.

ह्यूस्टनच्या लूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटची उन्हाळी इंटर्नशिप १९७७ पासूनची. ग्रहांच्या भूशास्त्राची आवड असलेल्यांसाठी सोन्यासारखी. पण तिथे ५० क्रेडिट तास पूर्ण झालेले लागत, म्हणजे पहिलं वर्ष पुरत नाही.

जर्मनीच्या डाड या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेची राइझ योजना बऱ्याच जणांना सुचवली जाते, पण ती उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे आणि दोन वर्षं झालेली लागतात. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक भारतातल्या मुलांना घेते, बारा आठवड्यांची असते, पण ती पदवीची शेवटची काही सत्रं उरलेल्यांसाठी. भारतात तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे, दोन महिन्यांची, आणि पृथ्वी व ग्रहविज्ञान हा तिचा एक विषय आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उन्हाळ्याच्या जागांचे अर्ज हिवाळ्यातच संपतात. आरईयूच्या मुदती बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत, भारतातल्या फेलोशिपची तर आदल्या वर्षाच्या शेवटी. आम्ही मार्चमध्ये शोधायला लागलो होतो.

गारगोटी

अनघाताई, हे एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. म्हणजे रीतसर कार्यक्रमांसाठी या वर्षी उशीर झालाय, पुढच्या वर्षीची तयारी मात्र आत्तापासून करता येईल.

सावली

एक गोष्ट कोणी बोललं नाही, ती बोलते. पैसे.

'उन्हाळी संशोधन' नावाखाली विद्यार्थ्याकडूनच मोठी रक्कम घेऊन प्रमाणपत्र देणारे बरेच कार्यक्रम निघालेत. माझ्या भाचीने असाच एक केला. आठ आठवड्यांत तिला व्हिडिओ दाखवले, शेवटी सगळ्यांना एकाच मजकुराचा अहवाल दिला. तिने त्यासाठी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे घातले होते. ती अजून त्या विषयावर बोलत नाही.

फील्ड कॅम्पची गोष्ट वेगळी. तो अभ्यासक्रम असतो, शिकवायला माणसं असतात, त्याला शुल्क असणं साहजिक आहे. पण जिथे तुम्ही दुसऱ्याच्या संशोधनासाठी श्रम करताय तिथे निदान प्रवास आणि राहण्याचा खर्च तरी तुमच्या अंगावर पडू नये. आणि विनावेतन काम करायला सांगितलं तर तास ठरवून घ्या. ज्यांना सुट्टीत कमवावंच लागतं अशी मुलं या विनावेतन पद्धतीमुळे बाहेर राहतात. मी स्वतः त्यातली होते. म्हणून मला हा प्रश्न फार लागतो.

खडूफळा

सावली, शंभर टक्के सहमत. विभागप्रमुखांना, मार्गदर्शकांना थेट विचारावं की यासाठी काही मानधन आहे का. विचारण्यात गैर काही नाही. पुष्कळदा प्रकल्पाच्या निधीत मदतनीसाची तरतूद असते आणि कोणी विचारत नाही म्हणून ती पडून राहते. पूर्ण वेळ जमत नसेल तर आठवड्याला दहा तास मागा. भूकंपवेडा किंवा नीरजा म्हणतात तशी कामं संध्याकाळी करता येतात.

सुरक्षेबद्दलही एक सांगून ठेवतो. हातोडा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, खडकाची कपची गोळीसारखी उडते. फील्डवर एकट्याने जायचं नाही. आणि प्रयोगशाळेत हायड्रोफ्लुओरिक आम्लाचं काम कोणी सुरुवातीच्या विद्यार्थ्याला सांगितलं तर सरळ 'नाही' म्हणा. सिलिकेट खडक विरघळवायला ते वापरतात. ते कातडीतून आत जातं आणि सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. चुनखडी ओळखायला आपण जे सौम्य हायड्रोक्लोरिक वापरतो त्याच्याशी याची तुलनाच नाही. 'नाही' म्हटल्याने तुमची संधी गेली, तर ती गेलेलीच बरी.

तुकतुकी

हे वाचून आमच्या भूशास्त्र्याला विचारलं, "तू चष्मा घालतोस ना?" तो म्हणाला, "आता घालतो." त्या 'आता'ची चौकशी चालू आहे.

शेवटचाबाक

अभ्यासात मी सामान्य होतो, ५५ टक्क्यांच्या आसपास. मेल करायची हिंमतच झाली नाही. विभागाच्या संग्रहालयात जुन्या नमुन्यांचे खोके होते, लेबलं पिवळी पडलेली, काही सुटलेली. मी संग्रहालयाच्या बाईंना विचारलं, सुट्टीत लावून देऊ का? त्या एका उन्हाळ्यात चारशेच्या वर नमुने हातातून गेले. वजन, चमक, ओरखडा, भिंगातून कण, सगळं. कोणता नमुना कोणत्या खाणीतून आला हे शोधायला जुन्या वह्या चाळल्या. पुढे तोंडी परीक्षेत समोर ठेवलेला दगड मी हातात घेण्याआधीच ओळखला.

मोठी नावं सोडा. आपल्याच विभागात असं काम पडून असतं.

अभ्रक

शेवटचाबाक, अप्रतिम. आणि भिंगाबद्दल एक : दहापट भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि दगड त्याच्याजवळ आणायचा. पहिल्या वर्षाची मुलं भिंग दगडाजवळ आणि डोळा हातभर लांब असं धरतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतो.

गारगोटी

ताजी बातमी! आमच्याच विभागातल्या एका मॅडमचा निबंध वाचला, एका आकृतीवर प्रश्न विचारला, पंधरा मिनिटं मागितली. त्यांनी पाऊण तास दिला. सोमवारपासून सात आठवडे. समुद्रतळाच्या गाळातले फोरॅम (एकपेशीय समुद्री जीवांची सूक्ष्म कवचं) वेचायचे. मानधन विचारलं (सावली, तुमच्यामुळे धीर झाला), थोडं आहे पण आहे.

खडूफळा

अभिनंदन! बारीक कुंचला आपला आपण घेऊन जा, तीन शून्यांचा.

वाटसरू

अभिनंदन. सुट्टी संपली की इथे येऊन लिही.

गारगोटी

धागा वर काढतेय. सात आठवडे संपले, वाटसरूला कबूल केल्याप्रमाणे लिहिते.

काम असं होतं. गाळ पाण्यात भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा, वाळवायचा. मग काळ्या तबकावर चिमूटभर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं आणि चौकटी आखलेल्या पट्टीवर ठेवायचं. एका नमुन्यातून निदान ३०० कवचं. पहिल्या दिवशी चार तासांत चाळीस झाली. कुंचला जास्त ओला झाला की कवच पाण्याच्या थेंबात हरवतं, कोरडा झाला की उडून जातं. तिसऱ्या आठवड्यात हात बसला.

नवव्या नमुन्यात मला फिकट निळी कवचं दिसली. सहा. इतकी सुंदर होती की वाटलं वेगळी जात असणार. वहीत चित्र काढलं, वेगळ्या चौकटीत ठेवली आणि मॅडमना धावत बोलवायला गेले. त्यांनी डोळा लावला आणि हसल्या. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची असते, ते मी नेमाने करत होते, पण कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं. चाळणीत आधीच्या नमुन्याची कवचं अडकून राहिली तर ती निळी होतात आणि पुढच्या नमुन्यात आली की ओळखू येतात. म्हणजे माझी सहा 'नवी' कवचं आठव्या नमुन्यातली होती. माझं चाळणी धुणं कमी पडत होतं. त्या दिवसापासून धुण्याचा वेळ दुप्पट केला आणि आधीचे आठही नमुने निळ्यासाठी पुन्हा तपासले. दोनांत सापडली, ती गणनेतून वजा केली.

दगडधोंडा, भूकंपवेडा, तुम्हा दोघांचे प्रतिसाद त्या संध्याकाळी पुन्हा वाचले.

शेवटच्या दोन आठवड्यांत मॅडमनी एक प्रश्न पूर्णपणे माझ्यावर सोपवला. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा नावाच्या फोरॅमचं कवच डावीकडे वळलेलं असतं आणि ते थंड पाण्यात वाढतं. त्याचीच जवळची, उजवीकडे वळणारी जात त्यामानाने उबदार पाण्यात. गाळात खाली खाली जाताना दोघांचं प्रमाण कसं बदलतं ते मोजायचं. माझ्या बारा नमुन्यांत मधल्या तीन नमुन्यांत डावी एकदम वाढली. मॅडम म्हणाल्या, खरं असेलही, पण त्या तीन नमुन्यांच्या वर-खालचे आणखी चार धुतल्याशिवाय बोलायचं नाही. ते आता सत्र सुरू असताना शनिवारी करते आहे.

नीरजा

किती छान लिहिलंस! ती तीन नमुन्यांची पट्टी पुन्हा मोजताना दुसऱ्या कोणाकडून, लेबल झाकून मोजून घे. काय अपेक्षित आहे हे माहीत असलं की हात नकळत तिकडे वळतो.

गारगोटी

हे लक्षातच आलं नव्हतं. वाटसरूला विचारते, तोही आता आमच्याच प्रयोगशाळेत येतोय.

वाटसरू

शनिवारी दहाला पोचतो. लेबलं तू झाकून ठेव.